पाकिटातली चाल

१

पंचकाका जिवंत आहेत की गेले, हे पहिली दहा मिनिटं कुणालाच धड सांगता येईना. बुद्धिबळ मंडळात सफाईला येणाऱ्या मावशींनी रविवारी सकाळी आठला त्यांच्या खोलीचं दार ढकललं, तर ते टेबलाच्या पायाशी पडलेले, डोक्याखाली रक्त. मावशी किंचाळल्या, आणि नेमकी त्याच वेळी रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढत होती. त्यांना बोलावलं कुणी? खोलीतल्याच फोनवरून कुणीतरी पत्ता सांगितला होता आणि नाव न सांगता फोन ठेवून दिला होता.

चिमणी धावत पोचली तेव्हा स्ट्रेचर गेलं होतं. चिमणी हे तिचं घरचं नाव. बाई एकतीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते, पण मंडळात तिला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. सहा वर्षांची असताना ती मामाचं बोट धरून इथे आली, तेव्हा हात पटापर्यंत पोचावा म्हणून खुर्चीवर दोन जाड पुस्तकं ठेवावी लागत. ती पुस्तकं पंचकाका आणून द्यायचे.

खोलीत एक बुटक्या बाई रुमालाने नाक पुसत उभ्या होत्या. तपास त्यांच्याकडे होता.

"तुम्हीच का त्या? काल डाव अर्धवट राहिला तो तुमचाच?" तपासनीसबाई म्हणाल्या. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. पाकिटाची काय भानगड आहे ती जरा सोप्या शब्दांत सांगा."

चिमणीने सांगितलं. या मंडळात अजून जुनी रीत आहे. संध्याकाळी सहाची घंटा झाली की डाव थांबतो. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न खेळता कागदावर लिहायची आणि पाकिटात घालायची. पाकिटाच्या जोडावर दोन्ही खेळाडूंच्या सह्या होतात आणि पाकीट पंचांच्या कुलूपबंद खणात जातं. दुसऱ्या दिवशी पंच ते सर्वांदेखत फोडतात. तोवर ती चाल लिहिणाऱ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नसते.

"आणि काल ती तुम्ही लिहिलीत."

"हो."

"खण उघडा आहे. पाकीट गेलंय," बाई म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. "आता हे बघा."

त्यांच्या मागे टेबलावर पंचकाकांचा जुना लाकडी पट होता. त्यावर तिचाच कालचा डाव मांडला होता, पण काल थांबला तिथे नाही, त्याच्या थोडा पुढे. पांढरा उंट पटावर नव्हता. काळा राजा त्याला मारून एक घर पुढे आला होता, आणि काळ्या वजिराने मोकळ्या तिरक्या रेषेतून पांढऱ्या राजाला शह दिला होता. मारलेली मोहरी पटाशेजारी एका ओळीत उभी होती, उंचीप्रमाणे, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी.

चिमणीने ती चाल लगेच ओळखली. उंट देण्याची ही चाल तिच्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलावर बसून तीन महिने घोटलेली होती. ती बाहेर कुणाला माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

"चिटणीस म्हणतात, ही तुमची पाकिटातली चाल दिसते," तपासनीसबाई म्हणाल्या. "आणि पाकिटातली चाल तर फक्त तुम्हालाच ठाऊक."

चिमणी पटाकडे बघत राहिली. खरी भीती वेगळीच होती. ही चाल तिने पाकिटात घातलीच नव्हती.

२

"एक नियम मला चिटणीसांनी सांगितला," बाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पाकीट हरवलं तर ज्यानं चाल लिहिली त्यानं ती तोंडी सांगायची आणि खेळ पुढे चालू. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे लिहिताना चूक झाली असेल, तर पाकीट नाहीसं झालेलं कुणाला बरं?"

उत्तर लहान मुलालाही आलं असतं.

"तुम्ही कोणती चाल लिहिली होती?"

खरं सांगावं तर बाई म्हणणार, आता काय, तुम्ही काहीही सांगाल. आणि विश्वास ठेवलाच, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग उंटाची चाल घरात आणखी कुणाला माहीत होती? त्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःलाही द्यायचं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर.

"डाव आज चार वाजता पुढे चालू व्हायचा आहे," ती कशीबशी म्हणाली. "तेव्हा सर्वांसमोर पटावरच सांगेन."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग सावकाश नाक पुसलं.

"चालेल. चार तर चार. डॉक्टरांनी काकांचे चोवीस तास अवघड सांगितलेत. ते शुद्धीवर आले तर आपण सगळे सुटलो. नाही आले तर हा खून आहे, हे लक्षात असू द्या." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "तोवर इथे बसा. बाकीचे काय बोलतात ते मला समजावून सांगा. घोडा कसा चालतो इथपासून."

ही मेहेरबानी होती की पाळत, ते चिमणीला कळेना. ती बसली.

३

पहिले आले दंतवैद्य, तिचे प्रतिस्पर्धी. माणूस मोठा नीटनेटका. पटावरचं प्यादंही ते दाढ काढावी तसं अलगद उचलत.

"पाकीट चोरून मला काय मिळणार?" ते म्हणाले. "उलट मीच त्याची वाट बघत होतो. काल या बाईंनी राजाचं गँबिट खेळलं. आडदांड ओपनिंग आहे. दुसऱ्याच चालीला प्यादं द्यायचं, पाचव्या चालीला घोडा वाऱ्यावर सोडायचा आणि समोरच्याच्या राजावर तुटून पडायचं. माझा राजा काल दिवसभर उघड्यावर. संध्याकाळी वाटलं, आता या उंटही देणार. आणि दिला तर मी वाचलो, कारण वजिराचा तिरका शह बसत होता." त्यांनी टेबलावरच्या पटाकडे बोट केलं. "हाच तो. कुणीतरी अगदी बरोबर मांडलाय."

"मग तुम्हाला खात्री होती, या उंटच देणार म्हणून?"

"छे हो. खात्री कसली? सहाला घंटा झाली, सगळे घरी गेले. आम्ही तिघं अडकून पडलो, पंचकाका, चिटणीस आणि मी. या बाई लिहीनातच. मी यांच्या कपाळावरच्या आठ्या मोजत बसलो होतो. अडतीस मिनिटं! ठरलेली चाल लिहायला कुणी अडतीस मिनिटं घेत नाही. रात्री मला झोप नाही, की यांनी लिहिलं तरी काय."

तपासनीसबाईंनी अडतीस हा आकडा वहीत लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. पंचकाकांच्या रोजनिशीतही तोच आकडा होता, त्यांच्या सुबक अक्षरात.

मग चिटणीस आले. खणाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. गेल्याच आठवड्यात त्यांचा पुतण्या डाव चालू असताना फोन घेऊन मोरीत सापडला आणि पंचकाकांनी त्याला स्पर्धेतून बाद केलं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

"भांडलो होतो, कबूल," चिटणीस घाम पुसत म्हणाले. "आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पण म्हणून म्हाताऱ्या माणसाला ढकलीन का? आणि बाई, मला विचाराल तर पट मांडता येतो, एवढंच माझं बुद्धिबळ. अमुक चालीवर तमुक शह, हे मला सात जन्मांत सुचायचं नाही. काल सुद्धा मी आपला किल्ल्या हातात घेऊन, या कधी उठतायत याची वाट बघत होतो."

ते गेल्यावर तपासनीसबाई पटाशी वाकल्या. "ही मेलेली मंडळी अशी रांगेत का उभी आहेत? तुमच्यात अशीच पद्धत असते का?"

चिमणीने त्या ओळीवरून नजर काढली. नसते. कुणी मारलेली मोहरी डबीत टाकतं, कुणी बाजूला आडवी ढकलतं.

"कुणाकुणाची असते," ती म्हणाली.

"पट मांडणारा दोघांना दिसेल असा मांडून गेलाय. कुणाला तरी काही समजावत असावा," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. "आणि घायाळ करून वर रुग्णवाहिकाही बोलावली. कसला चोर म्हणायचा हा?" मग घड्याळ बघून म्हणाल्या, "जेवून या घरी. घरी कोण असतं?"

"मामा," चिमणी म्हणाली. "फक्त मामा."

४

आई गेल्यावर तिला मामानेच वाढवलं. मामा पुस्तकबांधणी करायचा. त्याच्या बोटांना खळीचा वास असे, आणि त्याच बोटांनी त्याने तिची वेणी घातली, तिला ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि पटावर घोडा अडीच घरं चालवून दाखवला. पंचकाका त्याचे चाळीस वर्षांचे मित्र. राजाचं गँबिट हे मामाचं वेड. उंट देण्याची ती चाल त्याचीच, तीन महिने जेवणाचं टेबल अडवून शोधलेली.

तिने दार उघडलं. जेवणाच्या टेबलावर पट मांडलेला होता आणि त्याच्या कडेला मारलेली मोहरी उभी होती, एका ओळीत, उंचीप्रमाणे. पंचवीस वर्षं ती ही ओळ रोज बघत होती. आज तिला ती बघवेना.

"काही कळलं का गं त्याचं?" मामाने विचारलं. आवाज खोल गेलेला. दाढी केली नव्हती.

"शुद्ध नाही अजून."

मामाने मान हलवली. ताट वाढलं, पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवला. पेला ठेवताना त्याचा हात जवळ आला आणि ती दचकून मागे सरकली. ज्या माणसाच्या कुशीत ती अंधाराला घाबरून शिरायची, त्याच माणसाची तिला या भरदुपारी भीती वाटत होती. याची तिला इतकी लाज वाटली की तिने तो पेला एका घोटात रिकामा केला.

ती आठवू लागली. काल मामा घंटा होताच घरी निघून आला होता, स्वयंपाकाचं बघायला. ती उशिरा पोचली तेव्हा म्हणाला होता, "पायी आलीस वाटतं," आणि मग, "घातलीस ना पाकिटात?" ती फक्त "हो" म्हणाली होती. पुढे त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. रात्री झोपताना तिने पाहिलं तर तो पटावर वाकून बसला होता. सकाळी ती उठली तेव्हा फिरायला गेलेला होता.

"चिमणे," मामा म्हणाला, "पाकीट गेलं म्हणतात. आता तू सांगशील ती चाल. ऐक माझं. उंट नको देऊस. माझी चूक झाली, वजिराचा शह बसतोय. मला काल रात्री दिसलं. दुसरी कुठलीही चाल सांग, पण उंट नको."

घास तिच्या तोंडातच राहिला. तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या. सकाळी पंचकाकांच्या खोलीत पट कुणी मांडला ते कळलं. आणि पाकीट त्याने अजून फोडलेलं नाही, हेही कळलं. फोडलं असतं तर तो हे बोललाच नसता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता ती चारला उंट म्हणाली, तर मामा वाचत होता आणि चोरीचा आळ तिच्यावर पक्का होत होता. खरं म्हणाली, तर मामा जात होता. तिने भात कालवला आणि तो तसाच ठेवून दिला. तिच्या डोळ्यांसमोर पंचकाका येत होते, खुर्चीवर पुस्तकं रचणारे. एक पाकीट हातचं सोडलं नाही म्हणून तो माणूस रक्तात पडला होता.

"जेव ना," मामा म्हणाला.

"तू येतोस ना चारला?"

"येईन की. न येऊन कसं चालेल?"

५

चारला सभागृह भरलं होतं, पण खोकल्याचासुद्धा आवाज नव्हता. पंचांची खुर्ची रिकामी होती. तिच्या शेजारी तपासनीसबाई उभ्या होत्या. मामा तिसऱ्या रांगेत, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसला होता.

पटावरचं कापड काढलं गेलं. चिटणीसांनी नियम वाचला. "पाकीट गहाळ झाल्यामुळे खेळाडूने आपली लिहिलेली चाल पटावर करून दाखवावी."

चिमणीचा हात उंटाच्या बाजूला गेला. उंटाजवळून पुढे सरकला. तिने आपला राजा उचलला आणि एक घर सरकवून कोपऱ्यात ठेवला.

सभागृहात कुजबूज झाली. सगळी फौज हल्ल्यावर निघालेली आणि मधेच राजाला बाजूला घ्यायचं? दंतवैद्यांनी मात्र पटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. राजा तिरक्या रेषेतून बाहेर गेला होता. आता वजिराच्या रेषेत शह द्यायला राजाच उरला नव्हता, आणि उंट तर अजून यायचाच होता.

"मी हीच लिहिली होती," चिमणी म्हणाली.

"म्हणणारच," दंतवैद्य म्हणाले. "एवढी जिंकणारी चाल दुसऱ्या दिवशी कुणालाही सुचते. पुरावा काय?"

"बरोबर आहे तुमचं," तपासनीसबाई म्हणाल्या. "मी आज दिवसभर घोडा कसा चालतो ते शिकतेय, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. काकांच्या टेबलावर ज्यानं पट मांडला, त्याला वाटत होतं की पाकिटात उंटाची चाल आहे. वाटत काय, खात्रीच होती. आणि ती चाल हरणारी आहे हे तो काकांना दाखवत होता. ते पाकीट उघडू नये, अशी त्याची इच्छा होती. म्हणजे तो या बाईंचं भलं चिंतणारा. दंतवैद्यांना तर ते पाकीट उघडायलाच हवं होतं. चिटणीसांना हा शह सुचणं शक्य नाही."

त्यांनी रुमाल घडी करून ठेवला.

"पण मला अडलं ते त्याच्या खात्रीपाशी. काल या बाई अडतीस मिनिटं विचार करत होत्या. ते तीन माणसांनी पाहिलं. ज्यानं ते पाहिलं त्याला ठरलेल्याच चालीची खात्री असणं शक्य नाही. दंतवैद्यांना झोप लागली नाही ती त्यामुळेच. तेव्हा हा माणूस त्या तिघांतला नाही. त्याला घरातली तयारी माहीत होती, आणि तो सहाच्या घंटेला निघून गेला होता."

चिमणी पटावरून नजर उचलत नव्हती. मागे बघितलं तर सगळे तिची नजर जिथे जाईल तिथे बघतील, हे तिला ठाऊक होतं.

"हे सगळं खरं, पण कधी? या बाई आत्ता खरं बोलल्या असतील तर," तपासनीसबाई सावकाश म्हणाल्या. "खोटं बोलत असतील, तर पाकिटात उंटच होता, पट यांनीच मांडला, आणि काकांना यांनीच ढकललं. मग मला यांना आत्ता घेऊन जावं लागेल. खरंखोटं करणारी वस्तू एकच आहे आणि ती माझ्याकडे नाही."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज सगळ्या खोलीभर झाला होता. चिमणीला वाटलं, मामा उठला नाही तरी आपण त्याच्यावर रागावू शकणार नाही. आणि त्या विचाराने तिला आजवर वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

मागे खुर्ची सरकली.

"चिमणे," मामा म्हणाला. "खरंच?"

"हो, मामा."

तो पटापर्यंत आला. कोटाची वरची दोन बटणं त्याने काढली, आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि तपासनीसबाईंच्या हातात दिलं. पाकीट चुरगळलं होतं, पण जोड शाबूत होता. दोन्ही सह्या जागच्या जागी होत्या.

"तुम्ही पुस्तकबांधणी करायचात," बाई म्हणाल्या. "हे उघडून पुन्हा चिकटवणं तुम्हाला काही अवघड नव्हतं."

"पाकीट उघडायचं नसतं," मामा म्हणाला. "मला फक्त ते नको होतं. सकाळी मी त्याला सांगत होतो, हरवलं म्हण, पोरीला दुसरी चाल सांगू दे. पट मांडून दाखवला. त्यानं पाकीट काढून माझ्यासमोर धरलं. म्हणाला, यावर दोघांच्या सह्या आहेत, माझा बाप आला तरी देणार नाही. मी ओढलं. त्यानंही ओढलं. तो बसला होता ती चाकं असलेली खुर्ची मागे सटकली आणि त्याचं डोकं टेबलावर आपटलं. फोन केला. मग त्याच्याकडे बघवेना, म्हणून पळालो."

तपासनीसबाईंनी सर्वांदेखत पाकीट फोडलं, कागद उलगडला आणि दंतवैद्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, पटावर कोपऱ्यात उभ्या असलेल्या राजाकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली.

मामा पटावर वाकला. त्याचे ओठ हलू लागले. उंट, राजा, वजीर, आता शह नाही, मग हत्ती, मग मात. त्याने दोनदा मोजलं. चिमणीने आयुष्यात असंख्य वेळा पाहिलेला तो चेहरा होता, गणित सुटल्याचा.

"बसतंय," तो म्हणाला. "अगं, हे तर सगळं बसतंय. तुला दिसलं होतं." मग त्याने वर पाहिलं आणि त्याचे डोळे भरले. "काल रात्री मला एका शब्दानं सांगायचंस, चिमणे. एका शब्दानं."

चिमणीला रडू आवरेना, तरी तिने उत्तर दिलं.

"पाकिटातली चाल कुणाला सांगायची नसते. घरच्यांनासुद्धा नाही. तूच शिकवलंस, मामा."

मामाने मान हलवली. पटाच्या कडेला एक मारलेलं प्यादं कलंडलं होतं. ते त्याने उचललं, ओळीत नीट उभं केलं आणि मग तपासनीसबाईंबरोबर दाराकडे निघाला.